गाळलेलं तेल

९ फेब्रुवारी

काय ग वहीबाई, विसरलीस ना मला? चार महिने कपड्यांच्या घडीखाली लोळत पडलीस आणि आज उघडली तर अशी कोरी बघतेस, जसं आपलं कधी बोलणंच नव्हतं! मी तीच. अंगठेबहाद्दर म्हातारी. मी बोलते, दुसरं कुणीतरी लिहितं. आधी नात लिहायची. ती शिकायला वसतिगृहात गेली, आणि आठवडाभरात माझा लेक आंघोळ करून येताना पडला. त्यानंतर सांगण्यासारखं खूप होतं, सांगावंसं काही नव्हतं.

आता सून लिहिणार. तिचं अक्षर नातीपेक्षा मोठं आहे, पानं लवकर संपतील.

— मोठं नाही आई, सुटसुटीत आहे.

बघ, पहिल्याच दिवशी उलट बोलली! तेही लिहिलंस? लिही, लिही.

डॉक्टर म्हणाले, उजवी बाजू बधिर. मी मनात म्हटलं, या घराच्या चारही बाजूंची तीच गत आहे. लेक भिंतीकडे तोंड करून पडतो. कळतं सगळं. बोलत नाही. भरवलं की गिळतो, तेही सगळं पातळ करून. ‘बोलता येईल, पण त्यांनी जोर लावायला हवा’ — डॉक्टर. तो जोर लावत नाही. मी रागावत नाही. सून रडत नाही. सगळं कसं सुरळीत!

तर मुद्द्याचं. लेकाची गाडी — बेकरीचा माल पोचवायची, पांढरी, मागून बंद — तेव्हापासून अंगणात उभी आहे. बेकरीचा मुकादम काल फोनवर म्हणाला, ‘वहिनी, एक मार्चला गाडी आणि चालवणारा दोन्ही हजर पाहिजे. नाहीतर काम दुसऱ्याला देतो. माझाही नाइलाज आहे.’ चालवणारी आहे. सून. परवाना आहे तिच्याकडे. गाडीही आहे. पण स्टिअरिंग वळत नाही! दोन्ही हातांनी, दातओठ खात ओढावं लागतं, आणि ओढलं की गाडी म्हशीसारखी हंबरते.

काम गेलं तर गाडी विकायची. गाडी विकली तर — ते उद्या.

१० फेब्रुवारी

ते आजही नको.

१२ फेब्रुवारी

गॅरेजवाल्याकडे रांग. महिना संपल्यावर या, म्हणाला. गाडी न बघताच म्हणाला, पंप बदलावा लागेल.

मग सुट्या भागांच्या दुकानात गेलो. मीही गेले. मला नेत नव्हती, मी आधीच जाऊन रिक्षात बसले. दुकानदार शहाणा माणूस. त्याने आधी विचारलं, ‘स्टिअरिंगचं तेल शेवटचं कधी बदललं?’ मी म्हटलं, ‘त्याला तेल असतं?’ तो हसला नाही, म्हणून मला आवडला. म्हणाला, ‘पंप मेला असेलच असं नाही. तेल जळून काळं झालं की असंच होतं. पण वरून नवं ओतून भागत नाही. जुनं सगळं काढा, नळ्यांमधलंसुद्धा, मग नवं.’

‘घरी कोण करणार?’ मी विचारलं.

‘मी,’ सून म्हणाली.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ‘आणि मी.’

त्याने लाल तेलाच्या दोन बाटल्या काढल्या, तिसरी पुढे सरकवली. ‘असू द्या हाताशी.’ मी म्हटलं, ‘दोन पुरतील.’ का म्हटलं? सवय. दुकानदाराने तीन म्हटले की माझ्या तोंडून दोन येतं.

बॉनेटखाली त्या तेलाची टाकी, तिच्या झाकणावर कुठलं तेल घालायचं ते लिहिलंय. सुनेने बाटलीशी जुळवून दोनदा वाचलं. मीही मान डोलावली, जसं काही माझी खात्री पटली.

१४ फेब्रुवारी

नातीने फोनवर चित्रफीत पाठवली. एक माणूस हातमोजे घालून तेल बदलतो. त्याच्या गाडीखालची फरशी आमच्या ताटांपेक्षा स्वच्छ! सून अकरा वेळा बघून झाली. मला त्याची भाषा कळत नाही, हात कळतात. पुढची चाकं उचलायची. टाकीतून दोन नळ्या निघतात, एक जाणारी, एक परत येणारी. परतीची नळी काढून बादलीत सोडायची, टाकीचं ते भोक बुजवायचं. मग एकीने स्टिअरिंगचं चाक फिरवायचं — या टोकापासून त्या टोकापर्यंत — आणि दुसरीने वरून नवं ओतायचं. जुनं ढकलत ढकलत बाहेर. इंजिन बंदच. लाल दिसायला लागलं की झालं.

भोक बुजवायला सलाइनच्या बाटलीचं रबरी बूच. ती या घरात हवी तेवढी आहेत.

गाडी उचलून ठेवायच्या लोखंडी घोड्या सापडेनात. सून लेकाच्या खाटेशी जाऊन उभी राहिली. ‘तुमच्या गाडीचं तेल बदलतेय. घोड्या कुठे आहेत?’ त्याने डोळे मिटून घेतले. झोप नव्हती ती. मी आई आहे, मला कळतं.

घोड्या निघाल्या त्याच्याच खाटेखालून! तिने गुडघ्यांवर बसून एकेक ओढून काढली. फरशीवर केवढा आवाज. त्याने डोळे उघडले नाहीत.

मला वाईट वाटायला हवं होतं. मी दंडाला चिमटा काढून पाहिला. दुखलं. म्हणजे कातडी तरी जागी आहे.

१६ फेब्रुवारी

काल केलं. सांगते ओळीने.

मागच्या चाकांना विटा, हँडब्रेक ओढलेला. जॅक लावून पुढचा भाग उचलला, खाली घोड्या. सुनेने गाडीला दोन्ही हातांनी ढकलून बघितलं, हलत नाही ना. मी म्हटलं, ‘मलाच ढकलते आहेस असं समज, जोर येईल.’ तेवढं एकदा हसली. चार महिन्यांत पहिल्यांदा. अर्धी.

परतीची नळी काढली तेव्हा तिच्या कोपरापर्यंत तेल आलं. काळंकुट्ट, करपलेल्या वासाचं. मला तो वास ओळखीचा वाटला — विसरून चुलीवर राहिलेल्या कढईचा. मी स्टुलावर, बॉनेटशी, नरसाळं धरून. ती आत, चाकाशी.

‘ओतू?’

‘ओता.’

‘फिरव!’

‘फिरवते. टाकी रिकामी होऊ देऊ नका हं आई, हवा शिरते.’

‘माझ्या हातून आजवर काय रिकामं राहिलंय!’

पहिली बाटली काळ्यातच गेली. दुसरी अर्ध्यावर आली तेव्हा तपकिरी. दुसरी संपली तेव्हा विटकरी. लाल नाही. दुकानाला काल सुट्टी. सुनेने नळी जागेवर बसवली, पट्टा आवळला. टाकी अर्धीच. तेवढ्यात मुकादमाचा फोन, म्हणून ती आत गेली. बाहेर आली तेव्हा टाकी खुणेपर्यंत भरलेली होती.

‘पुरलं?’

‘पुरलं.’

पुढे लिही. थांबू नकोस.

तिने गाडी सुरू केली. पहिली दोन मिनिटं ठीक. एका बोटाने चाक फिरलं! तिने काचेतून माझ्याकडे बघितलं. मग आवाज सुरू झाला. हंबरणं नाही, किंचाळणं. टाकीत वाकून पाहिलं तर फेस. गुलाबी, दाट, वर वर येणारा. मी ओरडते आहे, ती आत ऐकत नाही, आवाज चढतोय —

आणि घरातून कुणीतरी ओरडलं, ‘बंद!’

जाड आवाज. ओला. बाटलीत तोंड घालून ओरडल्यासारखा.

तिने किल्ली फिरवली. सगळं शांत. आम्ही दोघी घराकडे बघत उभ्या. घरात बोलणारं कुणी नव्हतं ना!

आत गेलो तर लेक भिंतीकडे तोंड करून. मान लाल झालेली. मी म्हटलं, ‘काय रे, तू बोललास?’ काही नाही. सुनेने हात लावला. काही नाही.

चार महिन्यांत एक शब्द. आणि तोही बंद!

१७ फेब्रुवारी

सून म्हणते, पंप मेला. ‘मी मारला, आई.’ कोरड्या आवाजात म्हणाली, जसं दूध संपलं म्हणतात. जुन्या गाड्या घेणाऱ्याला तिने फोन केला. तो एकोणीसला येणार, दोर बांधून ओढून नेणार.

मुकादमाला उद्या कळवते म्हणाली.

लेकाला डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. म्हणाले, चांगलं लक्षण आहे. लक्षण परत काही बोललं नाही.

१८ फेब्रुवारी

आज हवा बरी आहे.

— आई, हवा कालही बरी होती.

लिही ना तू. पुढे: समोरच्या शिंप्याने कुंपणाला रंग दिला. हिरवा. चांगला नाही. पुढे —

पुढे काही नाही. थांब जरा.

हे बघ, वहीबाई, आता मी जे सांगणार ते मला तुला एकटीलाच सांगायचं होतं. पण तुझ्याशी एकटीने बोलायची सोय देवाने मला ठेवली नाही. लिहिणारीच्या कानांवरून जावं लागतं. पेन खाली ठेवू नकोस ग पोरी. लिहीत राहा. बघू नकोस माझ्याकडे.

त्या दिवशी तेल पुरलं नव्हतं.

तू फोनवर होतीस. बादलीत दोन-तीन बाटल्या काळं तेल नुसतं पडलं होतं. मी उभ्या जन्मात तळणीचं तेल फेकलेलं नाही. गाळायचं, निवू द्यायचं, पुन्हा वापरायचं. मी फडकं घेतलं आणि ते गाळलं. तीनदा. खाली पातेलं धरलं, नुकतंच घासून पालथं घातलेलं. वरचा गाळ निघाला, खालचं बरं दिसत होतं. निदान त्या सावलीत बरं दिसत होतं. ते ओतलं टाकीत. खुणेपर्यंत.

लिहिलंस?

इथे ती थांबली. हे ती नंतर लिहिते आहे, मी सांगते म्हणून. तिने पेनाला टोपण लावलं. बाहेर गेली. गाडीशी उभी राहिली, पाठ माझ्याकडे. मी मोजत बसले नाही, पण चहा गार होऊन वर साय धरली एवढा वेळ गेला. मला भीती वाटायला हवी होती. मी ती साय बोटाने काढून बशीत ठेवली.

परत आली. बसली. टोपण काढलं.

— पातेलं ओलं होतं?

पुसलं नव्हतं.

— पाणी. त्या तेलात पाणी गेलं. म्हणून गुलाबी फेस. पंप नाही, आई. पंप नसेलच मेला.

मग म्हणाली,

— कुठलं फडकं?

दुधाचं.

— तरीच परवा चहाला वास येत होता!

तीनदा धुतलं होतं ग.

— सांगितलं का नाहीत?

तुझं तोंड बघून. तू ‘मी मारला’ म्हणालीस आणि मी ते तसंच राहू दिलं. एक दिवस. पूर्ण एक दिवस! उद्या तो दोर घेऊन येणार नसता तर आणखी एक राहू दिला असता. हे लिही. हेच लिहायला बसवलंय तुला.

तिने लिहिलं. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने पान उलटलं आणि विचारलं, ‘पुढे?’

पुढे काही नाही.

१९ फेब्रुवारी

दोरवाला आला. सून दारात. ‘विकायची नाही.’

‘अहो, परवा तर तुम्हीच —’

‘परवा विकायची होती.’

मी आतून म्हटलं, ‘आलात तर शिंप्याचं कुंपण न्या ओढून.’ तो गेला.

सून अजून माझ्याशी कामापुरतं बोलते. मीठ द्या. दार लावा.

२१ फेब्रुवारी

या वेळी चार बाटल्या. दुकानदाराने काय झालं विचारलं. सुनेने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘पाणी गेलं.’ एवढंच! माझं नाव नाही घेतलं. मी रस्त्याकडे बघत राहिले.

मी लेकाला चाकांच्या खुर्चीत घालून दाराशी आणायचं ठरवलं. तो अंग सैल सोडून देतो, भिजल्या गादीसारखा. तरी दोघींनी ओढला. ‘नवरा आहेस, आई-बायको गाडीखाली, तू भिंत बघतोस, बरं दिसत नाही. इकडे बघ, कंटाळा आला तर झोप.’ त्याने मान पाडली. मान पाडूनही दिसतं तेवढं दिसत होतं, तशी मी खुर्ची लावली.

आज मी ओतणार नाही असं ठरलं होतं. सुनेनेच टाकी काढली, पूर्ण. आत बारीक जाळी, तिच्यावर पांढरा धागा. माझ्याच फडक्याचा. तिने चिमट्याने काढून माझ्या हातावर ठेवला. मी तो पदराच्या टोकाला पुसला. टाकी धुतली, वाळवली. पुसून वाळवली, मग उन्हात, मग पुन्हा पुसून! मला दाखवत, मुद्दाम.

मग म्हणाली, ‘या, स्टुलावर बसा. ओता.’

‘मी?’

‘दुसरं कोण आहे!’

ओतलं. गुलाबी दुधासारखं आलं आधी, मग विटकरी, मग तांबूस. तिसरी बाटली संपता संपता नळीतून लाल आलं. अगदी बाटलीतल्यासारखं लाल! चौथी भरायला. नळी बसवली. आता हवा काढायची: इंजिन बंद ठेवून वीसदा चाक या टोकाहून त्या टोकाला. सून घाईत फिरवू लागली. टाकीत बुडबुडे.

टक टक टक.

खुर्चीच्या दांड्यावर डावं बोट. मान खालीच.

‘काय रे?’

टक. मग थांबून, टक. मग थांबून, टक.

सुनेने त्याच्या ठोक्यावर चाक फिरवलं. सावकाश. एका टोकाला पोचली की टक. दुसऱ्या टोकाला टक. मध्ये ती कुठेही घाई करेना, तो कुठेही चुकेना. वीस झाले. मी टाकीत बघत होते. बुडबुडे एकेक करून आले आणि संपले.

तिने त्याच्याकडे बघितलं. तो उंबऱ्यावरच्या मुंग्या बघत होता.

गाडी सुरू केली. आवाज नाही. म्हणजे गाडीचा होता, बाकी नाही. चाक एका बोटाने फिरलं. तिने दोन्ही बाजूंना फिरवून बघितलं, मग पुन्हा, मग उतरून आली आणि जमिनीवरच बसली.

मला आनंद झाला असावा. नक्की सांगता येत नाही. मी रिकामं नरसाळं दोनदा पुसलं.

जुनं तेल डब्यात भरून, झाकण लावून, दुकानदाराकडे परत. त्या डब्याला मी हात लावायचा नाही, असं फर्मान निघालंय!

२४ फेब्रुवारी

मुकादम येऊन गेला. सुनेने त्याला शेजारी बसवून गल्लीतून बाहेर, चौकातून वळसा, मागे घेऊन फाटकात बरोबर मध्ये आणून लावली. तो उतरला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर तक्रार करायला काही न मिळाल्याचं दुःख होतं.

काम मिळालं.

पण जवळचा फेरा गेलाय, दुसऱ्याला देऊन झाला होता. लांबचा आहे. पहाटे तिकडूनच निघायचं, म्हणून सहा दिवस बेकरीच्या खोल्यांत राहायचं, रविवारी घरी. बेकरीची दुसरी गाडी रोज दुपारी आपल्या चौकात येते, निरोप-सामान तिच्याबरोबर पाठवता येईल.

सून म्हणाली, ‘नाही म्हणून सांगते.’

मी म्हटलं, ‘सांग. आणि मग गाडी परत उभी ठेव. मला गाळायला तेल लागेल पुढेमागे.’

ती हसली. पूर्ण. मग तोंड हातात धरून बसली. आवाज नाही आला. मी पाठीवर हात ठेवला. एवढंच जमलं.

२८ फेब्रुवारी

उद्या पहाटे निघते. तिची पिशवी छोटी आहे. मला औषधांच्या वेळा पाठ करून घेतल्या, तीनदा, शाळेतल्यासारख्या. मी शाळेत गेले असते तर तिथेही असंच बसले असते, जांभई दाबत.

लेक भिंतीकडे. ती त्याच्या पाठीशी बसून होती, हे मी पाहिलं नाही असं लिही.

५ मार्च

वहीबाई, अक्षर बघून दचकू नकोस. मला वाचता येत नाही, पण ओळी चढावर चालल्यात एवढं दिसतं. लिहिणारा बदलला. मी काल सहज वही त्याच्या मांडीवर टाकली आणि म्हटलं, तुझी बायको गेली, आता मी कुणाला सांगू? बोल नको, मी कुठे बोल म्हणते. पेन डाव्या हातात खोचलं. आज दुपारी ते चालू लागलं. एका ओळीला अर्धा तास. ‘बंद’नंतर अजून शब्द नाही. पण माझा एकही शब्द गाळत नाही, थांबले की बोटाने टक करतो!

बस झालं, मी थकले. मी गप्प झाले तरी हा लिहितोच आहे. काय रे? मी काही सांगत नाहीये. काय लिहितोस?

आईला मऊ पाव पाठव. मला कडक टोस्ट. चावून बघतो.